ताई, माझ्या फुलांना सगळे जुनाट म्हणतात

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोलापुरात पूर्व भागात राहते, वडील चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी उठवणाऱ्या, मागावर कामाला आहेत. फायनल प्रोजेक्टसाठी तिनं विषय घेतलाय घरातल्या कापडावरचे फुलांचे पॅटर्न, म्हणजे पडदे, पलंगपोस, कुशन वगैरे. चार महिन्यांत साठ-सत्तर डिझाइन काढून झाली. गाइड म्हणतात, फुलं आता जुनी झाली, सगळ्यांची सारखीच दिसतात, जिओमेट्रिक कर. वडिलांना दाखवलं तर ते म्हणाले, "चित्र छान आलंय, पण हे मागावर निघतंय का?" आणि पुढं काही बोलले नाहीत. ती लिहिते, "मी पिंटरेस्टवर पिओनी, हायड्रेंजिया, इंग्लिश गुलाब बघून काढते, कारण सोलापुरात बघायला आहे काय, ऊन आणि बाभळी. पुण्या-मुंबईच्या मुलींना सगळं मिळतं. विषय बदलू का? की मला हे जमतच नाही असं समजू? एप्रिलमध्ये सबमिशन आहे."

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सोबत पाठवलेले फोटो मोठे करून करून बघितले. आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. जमत नाही असं अजिबात समजू नकोस, चार महिन्यांत सत्तर डिझाइन काढणारी पोरगी आहेस तू, हाताला वळण आहे, रेघ स्वच्छ आहे, तो प्रश्न तिथंच सोडून दे.

पण मला एक विचारायचंय, आणि रागावू नकोस. या सत्तरमधलं एक तरी फूल तू हातात धरून काढलंयस का? मला तरी दिसलं नाही. तुझी सगळी फुलं समोर बघतायत, एकसुद्धा पाठमोरं नाही, एकसुद्धा मान टाकलेलं नाही, कळी आहे तर ती कळी म्हणजे फुलाचीच छोटी आवृत्ती आहे, आणि देठ पाकळ्यांच्या मागं कुठंतरी गायब होतो. फोटो समोरून काढलेला असतो म्हणून हे होतं. पिओनी थंड हवेतलं झाड, आपल्या उन्हात ते यायचंच नाही, मग त्याची मागची बाजू तुला माहीत असणार कशी? तुझे गाइड "सारखीच दिसतात" म्हणतात तेव्हा त्यांना हेच दिसत असणार. त्यांच्या डोळ्याला दिसलं ते बरोबर आहे, फक्त त्यावरचा उपाय मला पटत नाही. उद्या तू षटकोन आणि त्रिकोण घेतलेस आणि तेही पिंटरेस्टवरूनच घेतलेस तर तेही सगळ्यांसारखेच दिसणार ना.

आणि फुलं जुनी झाली म्हणजे काय? घरात फुलांचं कापड लावायची हौस युरोपला लागली ती आपल्याकडच्या कापडामुळं. आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हातानं रंगवलेली छिटं सतराव्या शतकात जहाजांतून तिकडं जायला लागली, लोकांनी ती पलंगाच्या पडद्यांना लावली, भिंतींना लावली, आणि खप एवढा वाढला की तिथले विणकर बिथरले. फ्रान्सनं 1686 मध्ये त्यावर बंदी घातली, इंग्लंडनं आधी बाहेरच्या कापडावर निर्बंध आणले आणि मग 1721 मध्ये छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आणली. बंदी उठली, कापड राहिलं. मग ते फूल विलायती म्हणून आपल्याकडं परत आलं आणि आता आपण त्याला बघून फुलं काढतोय. जी गोष्ट इतकी वर्षं लोकांच्या घरात टिकलीय ती एका सेमिस्टरमध्ये संपत नाही, तू निर्धास्त राहा.

आता ऊन आणि बाभळीचं.

पत्र आलं ते गड्ड्याची यात्रा चालू असताना, म्हणजे आत्ता जानेवारी आहे. कुणाच्या तरी ओळखीनं डाळिंबाच्या बागेत जा. आपल्या जिल्ह्यात डाळिंब एवढं पिकतं की राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच केगावला आहे, तुला बाग शोधायला लांब जावं लागणार नाही. आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीचा फुलांचा हंगाम, धरलेल्या बागांना याच दिवसांत फुलं लागतात. शेतकऱ्याला विचारून खाली पडलेली फुलं गोळा कर, तो नाही म्हणणार नाही, कारण डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात, एक खालून फुगीर, फुलदाणीसारखं, त्याचं फळ होतं, आणि दुसरं घंटेसारखं निमुळतं, ते नर फूल, ते गळूनच जातं.

असं एक पडलेलं फूल तळहातावर घे. बाहेरची शेंदरी वाटी जाड असते, मेण लावल्यासारखी, नखानं दाबली तर मोडते पण सुरकुतत नाही. आणि तिच्या आतनं ज्या पाकळ्या येतात त्या एकदम उलट, चुरगळलेल्या, गाठोड्यात दाबून ठेवलेली ओढणी आत्ताच बाहेर काढावी तशा. एकाच फुलात एक कडक आणि एक मऊ. वाटीची टोकं पुढं फळावर मुकुट म्हणून तशीच राहतात, म्हणजे एकाच फांदीवर तुला मिटलेली कळी, उघडलेलं फूल, पाकळ्या झडलेली नुसती वाटी आणि मुकुटवालं हिरवं फळ असं सगळं एकत्र मिळतं. तू इतके दिवस एकच फूल लहान-मोठं करून जागा भरतेयस, इथं झाडानंच चार वेगळे आकार काढून ठेवलेत. डाळिंब कापडावर नवं नाही हेही सांगते, पंधराव्या शतकात इटलीतल्या मखमलीवर डाळिंबाचा नमुना फार चालायचा, पण त्यांनी त्यांच्या पद्धतीनं काढलं, तू आपल्या बागेतलं काढ.

करडईही आत्ता शेतात फुलावर आहे, पिवळी, मग केशरी होत जाणारी, आणि पानाला काटे. त्या काटेरी पानाची कडा इतकी सुंदर आहे की नुसत्या पानाचा बॉर्डर होईल. बाभळीचं पिवळं गोंड्यासारखं फूल तू रोज बघून सोडून देतेस, कुशनच्या बारीक नमुन्याला त्याच्याइतका चांगला ठिपका मला तरी सुचत नाही.

आणि तू पूर्व भागात राहतेस म्हणजे बतकम्मा, तेलुगू घरांत नवरात्रात रचतात तो फुलांचा मनोरा, बघितली असशीलच, कदाचित स्वतः रचलीही असशील. टरवडाची पिवळी फुलं, ज्याला तेलुगूत तंगेडू म्हणतात, कुरडू, झेंडू, एका थराचा एक रंग, गोल गोल रचत वर निमुळतं नेत जायचं. मागच्या नवरात्राचे फोटो घरात कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतीलच. ते फोटो काढून बघ, फुलाचं तोंड बाहेर, देठ आत, शेजारच्या फुलाला किती चिकटवलंय, रंग कुठं बदललाय. तुझ्या आई-मावश्यांना रिपीट, म्हणजे परत परत येणारा नमुन्याचा तुकडा, शिकायला कुठल्या कॉलेजात जावं लागलं नाही, त्या हातानं करतात. त्यांच्याजवळ बसून विचार, आधी कुठलं फूल लावता आणि का.

आता अप्पांचा प्रश्न. (तू पत्रात अप्पा लिहिलंयस म्हणून मीही तेच म्हणते.) "मागावर निघतंय का" हे ऐकून तुला वाटलं की त्यांनी नापास केलं. मला उलट वाटलं. आख्ख्या पत्रात तुझ्या डिझाइनला कापड समजून बघणारा एकच माणूस आहे, आणि तो तुझ्याच घरात जेवायला बसतो. ते पुढं बोलले नाहीत कारण तू विचारलं नाहीस, असं मला वाटतं. आपल्याकडचे कामगार बाप आपणहून शिकवायला येत नाहीत, पोरगी शिकलेली आहे, आपण काय सांगायचं, असा त्यांचा संकोच असतो.

तर आज रात्री एक ग्राफ पेपर घेऊन बस त्यांच्यापुढं आणि एवढंच विचार, अप्पा, तुमच्या मागावर हूक, म्हणजे एकेक उभा धागा उचलणारे आकडे, किती आणि इंचाला धागे किती. समज ते म्हणाले 240 हूक आणि इंचाला 40 उभे धागे. 240 भागिले 40, सहा इंच. म्हणजे सहा इंचात तुझं फूल संपून परत सुरू झालं पाहिजे. तुझं ते सोळा इंचाचं पिओनी त्या मागावर निघत नाही, अप्पांना ते बघताक्षणी कळलं होतं. आता पुढचं, आडवे धागे समज इंचाला 30. तू जर चौकोनी घरांच्या ग्राफवर 40 घरं रुंद आणि 40 घरं उंच असा गोल झेंडू काढलास तर कापडावर तो रुंदीला एक इंच आणि उंचीला एक इंच आणि वर तिसरा हिस्सा, म्हणजे अंड्यासारखा उभट निघणार. म्हणून ग्राफची घरं धाग्यांच्या प्रमाणात घ्यावी लागतात. हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, मागावरच्या एका वयस्कर माणसानं पेन्सिलनं दाखवलं होतं, तेव्हा मी तुझ्याच वयाची होते.

आणखी एक गोष्ट अप्पा सांगतील ती तरंगणाऱ्या धाग्याची. मोठी पाकळी एकाच रंगानं सलग भरली तर साध्या जॅकार्ड कापडात तो धागा बांधल्याशिवाय लांब पसरतो, मग बांगडीत अडकतो, पायाच्या बोटात अडकतो, दोन धुण्यांत कापड खराब. मग तो मध्येमध्ये खाली बांधावा लागतो. आणि बघ, पाकळीवर शिरा असतातच ना, त्या शिरांच्या जागीच बांधलं तर बांधणीही झाली आणि पाकळीत जीवही आला. डाळिंबाच्या चुरगळलेल्या पाकळीला अशा किती रेघा आहेत मोजून बघ. फूल नीट बघितलेल्या माणसाला हे जमतं, म्हणून मी मघापासून हातात फूल घे म्हणतेय.

सोलापुरी चादरीची खुबी तर तुला माहीतच आहे, सुलट बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल. दोन्ही बाजू वापरायच्या. म्हणजे तुला फुलाबरोबर फुलांमधली रिकामी जागाही काढायची असते, कारण चादर उलटली की त्या जागेलाच रंग येतो आणि लोक तेच बघतात. फोनवर डिझाइन निगेटिव्ह करून बघ, तिथं जर मधल्या जागा वेड्यावाकड्या दिसल्या तर परत काढ.

आता तुझ्यापुढं रस्ते किती आहेत ते बघू. जिओमेट्रिक करून मोकळं व्हायचं, हा एक. सबमिशन होईल, मार्कही बरे पडतील, पण तुला ते आवडत नाही हे पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसतंय, आणि न आवडणारं काम तीन महिने रेटणं सोपं नसतं. दुसरा रस्ता, आहे ती फुलं सुधारून सगळं डिजिटल प्रिंट करून आणायचं. यात रंग कितीही घेता येतात, रिपीट कितीही मोठं चालतं, मीटर-दोन मीटरचं सँपलही मिळतं. वाईट रस्ता नाही, पण मग तुझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय, तर काहीच नाही. तिसरा, सगळं मागावरच करायचं. ऐकायला छान वाटतं पण एप्रिलपर्यंत जमणार नाही, आणि कारखान्याचा मालक तुझ्या एका नमुन्यासाठी चालू माग कशाला थांबवेल?

मला विचारशील तर एक फूल धर आणि त्याची तीन कापडं कर. डाळिंब धर असं मी म्हणीन, पण करडई जास्त आवडली तर करडई. एक पलंगपोस मागावर, एक पडदा प्रिंटमध्ये आणि एक बारीक नमुना कुशनला, तोही प्रिंट. मागासाठी अप्पांकडून विचारून घे की सध्या बीमवर, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेल्या रुळावर, कुठला रंग चढलाय. बीम बदलणं खर्चिक असतं, त्यावर कित्येक चादरींचा ताणा असतो, पण आडवा धागा आणि डिझाइन बदलणं त्यामानानं सोपं. तेव्हा जो ताणा आहे तोच धरून तू रंग ठरव, आणि एक लॉट संपून दुसरा चढायच्या आधी शेवटचा हातभर तुकडा मिळतो का विचार. हातभरच पुरे. आख्खी चादर कुणी मागत नाही प्रोजेक्टला.

तिन्ही कापडांवर फूल तेच असलं तरी मांडणी तीच ठेवू नकोस. पलंगपोस लोक चारी बाजूंनी बघतात, त्यावर सगळी फुलं एकाच दिशेला उभी असली तर एका बाजूनं ती डोक्यावर उभी दिसतात, तिथं फुलं सगळीकडं वळलेली हवीत. पडदा उभा लटकतो, तिथं वर चढणारी फांदी शोभते. पण पडद्याला खिडकीच्या दुप्पट-अडीचपट कापड लागतं, चुण्यांत निम्म्याहून जास्त लपतं, मग अठरा इंची फुलाची नुसती एक पाकळी आणि अर्धा देठ दिसत राहतो. हे कागदावर कळतच नाही. पडद्याचं डिझाइन नेहमी झेरॉक्सवर खऱ्या मापात छापून, कागद जोडून, त्याला चुण्या पाडून दारावर टांग आणि दहा फुटांवर जाऊन बघ. आणि प्रिंट मोठ्या कारखान्यात रोटरीवर, म्हणजे फिरत्या गोल जाळीनं (स्क्रीननं) छापणाऱ्या यंत्रावर, जाणार असेल तर स्क्रीनचा घेर बहुतेक ठिकाणी 64 सेंटिमीटरचा असतो, म्हणून रिपीटची उंची 64 किंवा तिला पूर्ण भाग जाईल अशी, 32 वगैरे ठेव. एका रंगाला एक स्क्रीन, तेव्हा बारा रंग म्हणजे बारा स्क्रीनचा खर्च, सहा रंगांत बसव.

दारावर टांगून बघ हे मी इतकं आग्रहानं का म्हणतेय ते सांगते. माझं पहिलं डिझाइन जे खरंच छापलं गेलं ते शेवंतीचं होतं. टेबलावर एक रिपीट बघितलं, सुंदर होतं, पास झालं, कापड छापून आलं. एका घरी त्याचे पडदे लागले आणि मी बघायला गेले तर हॉलमध्ये शिरल्या शिरल्या पडद्यावर तिरपे पांढरे पट्टेच पट्टे. फुलं कुणाला दिसतच नव्हती. प्रत्येक रिपीटमध्ये एका कोपऱ्यात दोन बोटं जागा जास्त राहिली होती, हाफ ड्रॉपमध्ये, म्हणजे शेजारची ओळ अर्ध्यानं खाली सरकवलेल्या मांडणीत, त्या जागा एकापुढं एक येऊन त्यांची वाट तयार झाली. त्या घरच्या बाई काही बोलल्या नाहीत, चहा दिला, पण मी तो चहा कसा प्यायले मला माहीत. तेव्हापासून मी कमीत कमी नऊ रिपीट जोडल्याशिवाय डिझाइनला डिझाइन म्हणत नाही. डोळे बारीक करून बघायचं, नाहीतर फोनवर फोटो काढून काळा-पांढरा करायचा, वाट असली की लगेच उठून दिसते. ती फूल वाढवून बुजवू नकोस, कळी किंवा पान थोडं सरकव.

खिडकीचं अजून एक आहे, आपल्याकडं महत्त्वाचं. सोलापूरचं ऊन पडद्याच्या मागून येतं, आणि मागून उजेड आला की फिकट रंग उडून गेल्यासारखे दिसतात आणि गडद रेघ तेवढी राहते. म्हणून पडद्याचं सँपल टेबलावर बघून रंग ठरवू नकोस, काचेला लावून बघ. शिवाय एक तुकडा पश्चिमेच्या खिडकीत चिकटव, अर्ध्या भागावर पुठ्ठा लाव आणि महिनाभर तसाच राहू दे. पुठ्ठा काढल्यावर दोन अर्ध्यांत फरक दिसला तर तो रंग पडद्याला चालणार नाही, कुशनला बघू. हा तुकडा तारीख घालून फाइलमध्ये लाव. विद्यार्थ्यांच्या फाइलमध्ये मूडबोर्ड, म्हणजे कल्पनेसाठी चिकटवलेली चित्रं, खूप असतात, असा तुकडा मी फार कमी बघितलाय, आणि इंटरव्ह्यू घेणारा माणूस आधी त्यावरच हात ठेवतो.

पिंटरेस्टबद्दल थोडं. बघायला माझी ना नाही, पण तिथलं फूल ट्रेस केलंस तर ते कुणाचं तरी काम आहे, आज कॉलेजात चालून जाईल, उद्या नोकरीत अंगाशी येईल. आणि तुझं स्वतःचं चांगलं डिझाइन झालं तर ते लगेच इन्स्टावर टाकू नकोस. डिझाइन कायद्याखाली, म्हणजे 2000 च्या कायद्यात, नोंदणी केली तर दहा वर्षं आणि पुढं वाढवून अजून पाच वर्षं संरक्षण मिळतं, पण नोंदणीआधी ते जाहीर झालेलं नसावं लागतं. नुसता कॉपीराइट आहे म्हणून गाफील राहणारे खूप असतात, नोंदणी होण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्याच्या 50 पेक्षा जास्त प्रती कारखान्यात निघाल्या की तो कॉपीराइट उरत नाही. आपल्या बाजारात डिझाइन एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायला आठवडा लागत नाही हे अप्पा तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

गाइडना काय सांगायचं? वाद घालू नकोस, त्यांच्याशी भांडून विषय टिकवशील पण मग तीन महिने मदत मिळणार नाही. जा आणि म्हण, सर, तुम्ही म्हणालात सारखी दिसतात ते मला पटलं, मी एक फूल घेतलंय, आपल्या भागातलं, आणि त्याचं तीन कापडांवर काय होतं ते बघतेय. सोबत हातात फूल धरून काढलेली वीस स्केचेस ने, मागची बाजू, आडवा छेद, वाळलेलं, सगळं. जुन्या सत्तरमधलं एकही नेऊ नकोस. त्याउपरही ते जिओमेट्रिकच म्हणाले तर फूल न सोडताही वाट आहे, 240 हुकांच्या ग्राफवर पायऱ्या पायऱ्यांनी बसवलेलं डाळिंब जिओमेट्रिकच दिसतं, तोच नमुना त्यांच्यापुढं ठेव.

पुण्या-मुंबईच्या मुलींचं म्हणतेस तर त्यांना लायब्ररी मोठी मिळते, प्रदर्शनं मिळतात, हे खरंच आहे, आणि पुढं नोकरीसाठी तुला बाहेर जावं लागलं तर जरूर जा. पण त्यातल्या बऱ्याच जणी चालू माग बघायला म्हणून एक दिवसाची स्टडी टूर काढून आपल्याकडं येतात, अर्धा तास आवाजात उभ्या राहतात आणि फोटो काढून परत जातात. तुझ्या घरी संध्याकाळी मागावरचा माणूस परत येतो.

बागेत जायचं तर सकाळी लवकर जा, उन्हं चढली की पाकळ्या मलूल होतात, आणि फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून आण, प्लॅस्टिकच्या पिशवीत काळी पडतात. ग्राफ पेपर येताना दोन घे, एक अप्पांना लागेल.